एका कानाचा फोटो

लवू घाडीला कुणीही भेटलं की तो आधी त्याचे कान बघतो. नमस्कार नंतर. दोन्ही कान सारखे दिसतायत का, एखादा केसांत दडलाय का, एवढं मनाशी तपासून झालं की मगच त्याच्या तोंडून ‘काय, बरं मा?’ बाहेर पडतं. नाहूरच्या आमच्या बिल्डिंगीत जे नवे भाडेकरू येतात, त्यांना पहिले दोन महिने वाटत राहतं की आपल्या कानाला साबण राहिलाय. एका बिचाऱ्याने तर कानाचा डॉक्टर गाठला होता.

तोंडावर त्याला सगळे लवूदादा म्हणतात, अहोजाहो करतात. पाठीमागे अरेतुरे चालतं. ही गोष्ट त्याच्या पाठीमागेच सांगायची आहे, तेव्हा इथेही अरेतुरेच. त्याच्या बायकोला, प्रेमावहिनींना, मात्र पाठीमागेही अहोजाहो. त्यांचे कान तिखट आहेत आणि जीभ त्याहून.

कानांचं वेड धंद्यातून आलेलं. स्टेशनच्या रस्त्याला लवूचा ‘घाडी फोटो स्टुडिओ’ होता, बत्तीस वर्षं. नाव स्टुडिओ, खोली आठ फूट बाय पाच. लग्नं, मुंजी, बारशी त्याने कधी घेतली नाहीत. “आपलं काम पासपोर्ट साइज,” असं तो सांगायचा, एखादा हृदयाचा डॉक्टर आम्ही सर्दी बघत नाही म्हणून सांगतो तशा तोऱ्यात. दुकानाच्या फरशीवर त्याने पिवळी रेघ मारून ठेवली होती. गिऱ्हाईक भिंतीशी स्टुलावर, लवूचे अंगठे रेघेवर, मधे मोजून चार फूट. मागे सरकायचं म्हटलं तरी सोय नव्हती, पाठीला लगेच काउंटर लागायचा. त्या रेघेवरून तो चार हुकूम सोडायचा. हनुवटी खाली, खांदे सरळ, कान दाखवा, हसायचं नाही. कॉलेजातली खिदळणारी पोरगी आत गेली की फोटोत पोलिसांना हवी असलेली बाई होऊन निघायची. पण घाडीकडचा फोटो कुठल्या ऑफिसातून परत आला, असं कधी झालं नाही. भांडुपपासून मुलुंडपर्यंत लोक नव्या नोकरीला लागताना, परदेशी जाताना, अगदी रेशनकार्डाला नाव चढवतानासुद्धा आधी लवूच्या रेघेसमोर बसून घ्यायचे.

तान्ह्या बाळांचा फोटो हा तर त्याचा खास हातखंडा. बाळाला बसता येत नाही, आईच्या मांडीवर घेतलं तर आई फोटोत येते, आणि फोटोत दुसरं माणूस चालत नाही. यावर लवूचा तोडगा म्हणजे प्रेमावहिनी. त्या स्टुलावर बसायच्या, लवू त्यांच्या डोक्यावरून पायापर्यंत पांढरी चादर टाकायचा, आणि बाळ चादरीवरून मांडीवर ठेवायचा. चादरीच्या आतून वहिनींचे हात बाळाला काखेत धरायचे. बाहेरून बघाल तर पांढऱ्या भुताच्या मांडीवर बाळ. आत वहिनी घुसमटत, घामाघूम होत गुणगुणत बसायच्या. त्या गुणगुणण्याने रडणारं पोर गप्प व्हायचं आणि लवू खटका ओढायचा. फोटोत बाळाच्या मागे पांढरं शुभ्र. त्या पांढऱ्यात एक बाई बसलीय, असं ब्रह्मदेवाच्या बापाला कळलं नसतं.

पुढे मोबाइल आले, ऑफिसवाले आपापल्याकडेच फोटो काढू लागले, आणि सहा वर्षांपूर्वी लवूने शटर ओढलं. तिथे आता मोमो मिळतात. मोमोवाल्याच्या शेगडीखाली ती पिवळी रेघ अजून आहे म्हणतात. लवू जाता-येता वाकून बघतो, आणि मोमोवाल्याला वाटतं म्हाताऱ्याला मोमो हवेत पण बायको खाऊ देत नाही.

तर गेल्या मार्गशीर्षात प्रेमावहिनींची साठी आली.

आमच्या बिल्डिंगीत फ्लेक्सची रीत आहे. वाढदिवस असो, बारावीचा निकाल असो, गेटच्या आत फ्लेक्स लागतो. वर उत्सवमूर्ती, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून कमिटीची मुंडकी गोलगोल. आदल्या वर्षी सेक्रेटरींच्या कुत्र्याचासुद्धा लागला होता, आणि खोटं कशाला बोला, कुत्र्याचा फोटो सुरेख होता. महिला मंडळाची माधुरी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि सगळ्यांच्या घरात नाक खुपसून कामं करते, म्हणून तिचं कुणाशी बिनसत नाही. बुधवारी साठी, तर त्याआधीच्या गुरुवारी ती घाडींकडे फोटो मागायला आली. फ्लेक्सवाल्याला सोमवारी सकाळी फोटो द्यायला हवा होता.

तेव्हा शोधाशोध झाली आणि उघडकीला आलं की फोटोवाल्याच्या बायकोचा फोटोच नाही. लग्नातला होता, त्यात मुंडावळ्यांमागे नाक तेवढं दिसत होतं. मुलीच्या, रुचिराच्या, लग्नातल्या अल्बममध्ये वहिनी होत्या खऱ्या, पण प्रत्येक फोटोत खाली वाकून काहीतरी उचलताना. कॅमेरा वर झाला की त्यांची मान आपोआप खाली जाते. बत्तीस वर्षं चादरीत दडून बसलेल्या बाईला ती सवय लागणारच. शेवटी हाती लागलं ते आधार कार्ड. त्यावरच्या प्रेमावहिनींना बघून बँकेतल्या मुलीने एकदा, या तुमच्या सासूबाई का, असं विचारलं होतं.

माधुरी म्हणाली, चालेल की, मोठा करून घेऊ. वहिनींनी सांगितलं, आधारचा लावलात तर बुधवारी मी खाली उतरणार नाही, दूधही वरच मागवीन. लवूने लगेच टेबलाचा खण उघडून जुना कॅमेरा काढला. म्हणाला, त्यात काय, भिंतीशी उभी राहा, दोन मिनिटांचं काम.

“भिंतीशी नाही,” वहिनी म्हणाल्या. “कुत्र्याचा फोटो बागेतला होता.”

लवू हसला. वहिनी हसल्या नाहीत.

“बत्तीस वर्षं तुमच्या दुकानात पोरं धरून बसले मी. गावभर माझ्या मांडीवरची पोरं आहेत, आणि एका फोटोत मी नाही. आता एक काढा. मी दिसेन असा, आणि मागे काहीतरी छान दिसेल असा. भिंत नको, चादर नको.”

असं त्यांनी शांतपणे सांगितलं, माधुरीसमोर. माधुरीसमोर बोललेलं रात्रीच्या जेवणापर्यंत पाचही मजल्यांवर पोचतं. तेव्हा शुक्रवारी सकाळी जिन्यात जो तो लवूला विचारत होता, काय लवूदादा, निघताय ना बायकोचा फोटो? लवू प्रत्येकाच्या कानाकडे बघत म्हणत होता, निघणार म्हणजे काय.

बाग कुठली, हे ठरलेलंच होतं. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी नवीन झालेली. बिल्डिंगीतल्या प्रत्येकाने तिथे जाऊन फोटो काढून ग्रुपवर टाकून झाले होते, घाडी सोडून. आत तीन-तीन मजली उंच सात लोखंडी झाडं आहेत. खोडाला जाळी, जाळीत माती, मातीत नेचे आणि लाल-पिवळ्या फुलांच्या वेली, आणि वर छत्रीसारखा पसरलेला फांद्यांचा लोखंडी पसारा. फाटकावर त्यांचं काहीतरी भारदस्त नाव लिहिलंय. आमच्याकडचे कोकणी लोक त्यांना लोखंडी माड म्हणतात आणि नारळ कधी धरणार म्हणून चौकशी करतात. एका बाजूला पाण्याचा पडदा पडतो, दुसऱ्या बाजूला काचघर आहे, त्यात ऑर्किडं. दिवसा हे असं, आणि संध्याकाळी सात वाजता झाडं पेटतात; म्हणजे दिवे लागतात.

शनिवारी सकाळी दोघं रिक्षाने गेले. वहिनींनी मोरपंखी साडी नेसली होती, केसांत अबोलीचा वळेसर होता. लवूने गळ्यात कॅमेरा अडकवला होता, आणि खिशात कंगवा ठेवला होता, दुकानात असायचा तोच.

आत शिरल्यावर वहिनी पहिल्याच झाडाखाली थांबल्या आणि वर बघत राहिल्या. इतकं वर, की वळेसर सुटून पाठीवर आला. जाळीतून डोकावणाऱ्या नेच्याला त्यांनी बोट लावून पाहिलं, खरा आहे की प्लास्टिकचा. खरा निघाला. मग तिथल्या माळ्याला गाठून एवढ्या उंचावर पाणी कसं चढवता, खत काय घालता, असं सगळं विचारून घेतलं. पाण्याच्या पडद्याचे तुषार तोंडावर घेतले. लवू मात्र कामाला आला होता. तो बागेकडे बघतच नव्हता, तो उजेडाकडे बघत होता. डोक्यावरचं ऊन नाकाखाली सावली पाडतं, म्हणून चरफडत होता.

मग त्याने वहिनींना एका माडाखाली उभं केलं, कंगव्याने त्यांच्या कानावरची बट मागे सारली आणि आपण समोर जाऊन उभा राहिला. चार फुटांवर. पिवळी रेघ नव्हती, पण पायांना ती पाठ होती. डोळे बांधून सोडला असता तरी चारच फुटांवर थांबला असता.

“हनुवटी खाली. खांदे सरळ.”

वहिनींनी विचारलं, मागे झाड येतंय ना? येतंय येतंय, हलू नको, असं त्याने सांगितलं, आणि ते त्याला खरंच वाटत होतं. डोळ्याला कॅमेरा लावला की त्याला दोन कान दिसायचे. ते सारखे आले की जगात सगळं जागच्या जागी आहे, असं त्याच्या जिवाला वाटायचं.

असं सातही माडांखाली झालं. पाण्याच्या पडद्यासमोर झालं. पण काचघरात गेल्यावर लवूच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते रुचिरा जन्मली तेव्हाही आलं नव्हतं. काचघराची एक बाजू दुधी काचेची होती. मऊ, सारखा, पांढरा उजेड. बत्तीस वर्षं ट्यूबलाइटला बटरपेपर लावून जो उजेड तो करू बघत होता, तो इथे आयता पडला होता. ऑर्किडांचे जांभळे घोस त्याने हाताने बाजूला केले आणि वहिनींना त्या दुधी काचेसमोर उभं केलं. एकूण त्रेचाळीस फोटो काढले.

संध्याकाळी रुचिरा घाटकोपरहून आली. तिने कॅमेऱ्यातलं कार्ड लॅपटॉपला लावलं, तिघं पलंगावर बसले, आणि रुचिरा एकेक फोटो पुढे सरकवू लागली. पहिले पाच पटापट गेले. दहाव्याला तिचे खांदे हलू लागले.

“बाबा, बाग कुठाय?”

त्रेचाळीस फोटोंत प्रेमावहिनी होत्या. डोकं आणि खांदे, हनुवटी खाली, दोन्ही कान स्वच्छ, चेहरा असा की यांच्याकडे समन्स आलंय. मागे कुठे करडं, कुठे पांढरं. एका फोटोत डाव्या कानाशेजारी हिरवं काहीतरी होतं. रुचिराने विचारलं, हे काय? लवू म्हणाला, पान. त्यावर ती इतकी हसली की तिला उचकी लागली. म्हणाली, बाबा, बागेत कशाला गेलात, पासपोर्ट ऑफिसच्या भिंतीशी काढले असते की.

वहिनींनी त्रेचाळीसही फोटो नीट बघितले, शेवटपर्यंत. मग उठल्या.

“आधारचाच द्या माधुरीला,” म्हणाल्या, आणि बांगडे साफ करायला आत गेल्या.

लवूला त्यांची भांडणं ठाऊक होती. आवाज चढला की काळजी नसायची, दहा मिनिटांत चहा यायचा. आता आतून नळाच्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता. रुचिराचं हसू थांबलं. बिल्डिंगभर त्याने छाती काढून सांगितलं होतं, निघणार म्हणजे काय. पण त्या क्षणी बिल्डिंगीचं त्याला काही वाटत नव्हतं. त्याच्या बायकोने आयुष्यात त्याच्याकडे त्याच्या धंद्यातली एकच गोष्ट मागितली होती, आणि ती त्याला जमली नव्हती.

रविवारी सकाळी त्याने माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा उतरवला. दुकान बंद करताना जादा निघालेल्या प्रती त्यात टाकल्या होत्या. वहिनी बाजारात गेल्या होत्या. तो खिडकीत बसून एकेक फोटो भिंगाखाली धरू लागला. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. माणसं, माणसं, कान. मग बाळं. पांढऱ्यावर बाळ, पांढऱ्यावर बाळ. भिंग जवळ नेलं की बाळाच्या काखेपाशी चादरीला पडलेल्या चुण्या दिसायच्या, आतून कुणीतरी धरल्याच्या. या चुण्या त्याला कधी दिसल्या नव्हत्या, कारण तो तिथे बघत नसे.

डब्याच्या तळाशी एक फोटो होता, कोपऱ्यात फुली मारलेला. फुली म्हणजे नापास, पुन्हा काढलेला. बाळ झकास होतं. पण चादर घसरली होती, आणि बाळाच्या पोटाशी दोन बोटं आणि एक हिरवी बांगडी आली होती.

लवूने तो बराच वेळ हातात धरला. बत्तीस वर्षांत बायकोचा काढलेला एवढाच एक फोटो, आणि त्यावर फुली त्याच्याच हातची.

वहिनी बाजारातून आल्या तेव्हा डबा जागच्या जागी गेला होता. लवू म्हणाला, संध्याकाळी दिवे बघूक जाऊया. वहिनींनी त्याच्याकडे संशयाने बघितलं. कॅमेरा घरी ठेवलात तर येते, म्हणाल्या. त्याने ठेवला. कंगवाही ठेवला, हे त्यांना रिक्षात कळलं, वाऱ्याने केस विस्कटल्यावर त्यांनी मागितला तेव्हा.

सातला पाच कमी असताना ते आत पोचले. डोंगर काळा पडला होता आणि त्याच्यापुढे सात माड त्याहून काळे. माणसं मोबाइल वर धरून उभी होती. मग खालून वर, खोडाच्या जाळीतून, वेलींच्या मागून उजेड चढत गेला. आधी निळा, मग जांभळा, मग हिरवा, आणि वरच्या फांद्यांपर्यंत पोचून पिवळा झाला. पाण्याच्या पडद्यात सातही थरथरते उमटले. सगळ्या बागेने एकदम ‘आ’ केला. वहिनींनी लवूची बाही धरली आणि सोडली नाही. साधी सुती साडी होती, वळेसर नव्हता, नटलेल्या नव्हत्या. फोटो काढायचा नाही म्हटल्यावर त्यांचा चेहराच मोकळा झाला होता. काल ज्याला खत विचारलं होतं तो माळी दिसला, तर त्याला हात केला.

शेजारी एक पोरगी कडेवरचं बाळ आणि हातातला मोबाइल यांच्याशी झटत होती. ॲश्ली नाव, मुलुंडच्या जुन्या गावठाणातली. बाळ आठ महिन्यांचं, शेर्विन, टोपी घातलेलं. कट्ट्यावर बसवलं की कलंडायचं, उचललं की रडायचं. नवरा पॉपकॉर्न आणायला म्हणून गेला होता तो गेलाच होता. ती दोनदा बसवताना वहिनींनी बघितलं, तिसऱ्यांदा बघवलं नाही. जाऊन त्यांनी बाळाला काखेत धरलं, कट्ट्यावर बसून मांडीवर घेतलं आणि गुणगुणायला लागल्या. शेर्विन गप्प. ॲश्लीने तोंडात बोट घातलं, आणि मोबाइल लवूच्या हातात देऊन म्हणाली, “अंकल, तुम्ही काढाल? मला नाही जमत.”

एवढं बोलायचा अवकाश, लवूचे पाय आपसूक चार फुटांवर गेले. मोबाइल वर झाला. आणि मोबाइल वर झाल्याबरोबर वहिनींची मान खाली गेली. चादर नव्हती, तर त्या बाळाच्याच मागे दडल्या. टोपीच्या वर त्यांच्या केसांचा भांग तेवढा राहिला. मोबाइलच्या काचेवर बाळ, दोन कान, आणि त्याच्या काखेत दहा बोटं.

लवू थांबला. त्याने मोबाइल खाली घेतला आणि एक पाऊल मागे टाकलं. पाठीला काउंटर लागला नाही. आणखी एक टाकलं. तेव्हाही लागला नाही. मग तो मागे मागे जात राहिला, आठ पावलं, दहा पावलं, एका गुजराती कुटुंबाच्या सेल्फीतून आरपार, थेट फुलांच्या वाफ्याच्या कुंपणाला टेकेपर्यंत. आता काचेवर माड खोडापासून फांद्यांपर्यंत मावला, पाण्याचा पडदा मावला, कट्टा आणि कट्ट्यावरची बाई मावली. झाडं पुन्हा हिरवी झाली होती. हिरव्यात माणसं आजारी दिसतात आणि जांभळ्यात त्याच्या पुढची. तो पिवळ्याची वाट बघत थांबला. पिवळा खालून चढू लागला.

“प्रेमा, तोंड बाहेर काढ.”

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. लवूने चारचौघांत बायकोला नावाने हाक मारली, असं त्याच्या सगळ्या संसारात घडलं नव्हतं. ‘गो’ आणि ‘ऐकलंस’ एवढ्या दोन शब्दांवर त्याने चाळीस वर्षं काढली होती. आणि आता अर्ध्या मुलुंडासमोर, कुंपणाला पाठ लावून, घसा ताणून त्याने ही हाक दिली. माणसं वळून बघायला लागली. वहिनींनी बाळाच्या मागून एका बाजूने तोंड बाहेर काढलं, हा एवढ्या लांब काय करतोय ते बघायला, आणि त्याला कुंपणात रुतलेला बघून हसल्या. लवूने खटका दाबला.

एकच काढला. दुसरा काढायचं त्याला सुचलंच नाही.

फोटो ॲश्लीने तिथल्या तिथे वहिनींच्या मोबाइलवर पाठवला. फ्लेक्सवर लावला तर चालेल का, म्हणून लवूने विचारलं, तर ती म्हणाली, शेर्विन फ्लेक्सवर? लावाच, मला पण एक पाठवा. घरी येऊन लवूने चष्मा लावून फोटो तपासला. उजवा कान बाळाच्या टोपीमागे गेला होता. दात दिसत होते. नजर कॅमेऱ्यात नव्हती, त्याच्या जरा वर होती, म्हणजे लवूकडे. तीन कारणांनी नापास. त्याने तो खंडूला पाठवून दिला.

खंडूचं फ्लेक्सचं दुकान भांडुपला. सोमवारी दुपारी लवू सहज म्हणून बघायला गेला, ते बरंच झालं. खंडू हुशार माणूस, आणि त्याने शाळेच्या दाखल्यापासून लायसनपर्यंतचे सगळे फोटो लवूच्या रेघेसमोर काढलेले. त्याने पडद्यावर काम तयारच ठेवलं होतं. निळं आकाश, कोपऱ्यांत गुलाब, आणि मधोमध प्रेमावहिनींचं डोकं, मोठ्ठं. माड गायब, पाणी गायब, शेर्विन गायब. आणि डोक्याला दोन्ही बाजूंना एकेक कान.

“एक कान नव्हता फोटोत,” खंडू कौतुकाने म्हणाला. “मी हाच उलटा करून तिकडे लावला. तुमचीच शिकवण, काका.”

लवूने त्या कानाकडे बघितलं. कान चांगला बसला होता, दुकानात असता तर त्याने शाबासकी दिली असती.

“तो कान काढ,” लवू म्हणाला.

मग खंडूने त्याला परोपरीने समजावलं. मागचं ठेवलं तर तोंड लहान येणार. येऊ दे. रात्रीचा फोटो आहे, काळं छापणार. छापू दे. बाळ ठेवलं तर वाढदिवस बाळाचा वाटेल. वाटू दे. काका, आयुष्यभर तुम्हीच सांगत आलात की मागचं पांढरं पाहिजे म्हणून. लवू म्हणाला, सांगत आलो. आणि सगळं मूळच्यासारखं होईपर्यंत तो खंडूच्या स्टुलावरून उठला नाही. दीड तास बसून होता, चहा दोनदा झाला.

फ्लेक्स मंगळवारी रात्रीच बांधला गेला. बुधवारी सकाळी माधुरी वहिनींना घेऊन खाली आली. फ्लेक्सवरचं पोर बघून सकाळपासून रुचिराला तीन फोन येऊन गेले होते, बाळ कधी झालं, कळवलंही नाहीस म्हणून. ती अजून एकेकाला समजावत होती. गेटच्या आत, दोन खांबांमध्ये, काळोखात पिवळा माड उभा होता, त्याच्या पायथ्याशी कट्ट्यावर प्रेमावहिनी, मांडीवर टोपीवालं पोर, आणि वहिनी कुणाला तरी हसत होत्या. खाली ‘शुभेच्छुक’. सेक्रेटरी, खजिनदार धरून कमिटीचे सात जण गोलगोल. ते सगळे फोटो घाडी स्टुडिओतले, कुणाचा वीस वर्षांपूर्वीचा, कुणाचा दहा. सगळ्यांच्या हनुवट्या खाली, खांदे सरळ, चौदा कान मोजून घ्या.

वहिनींनी बराच वेळ बघितलं. माधुरी काहीतरी बोलत होती, ते त्यांनी ऐकलं नाही.

“एकच कान दिसतोय,” त्या म्हणाल्या.

“तुका खंय पासपोर्ट काढूचो आसा?” लवू म्हणाला.

त्यांनी पदरातला मोबाइल काढून त्याच्या हातात दिला आणि फ्लेक्सखाली जाऊन उभ्या राहिल्या, मान वर करून. सगळं यायला पाहिजे, असं बजावलं. लवू मोबाइल डोळ्यापुढे धरून मागे सरकायला लागला. गेटपर्यंत गेला, तरी वरचा माड मावेना. गेटबाहेर गेला. फूटपाथ उतरला. मागून रिक्षावाल्याने हॉर्न दिला आणि काका मरायचंय का म्हणून विचारलं, तेव्हा लवूने न वळता नुसता हात वर केला, आणि आणखी एक पाऊल मागे टाकलं.